चौथ्या दगडाची मापं

चिंचवड,
गुरुवार, २२ ऑक्टोबर १९८१

प्रिय सुमन,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. रिझर्वेशन झालं, सात नोव्हेंबरला सकाळी पुण्याला उतरणार, बरोबर तुझे संशोधनातले सर आणि तुझी छोटी उत्पला. मी ते दारातच उभं राहून वाचलं आणि घडी करून खिशात घातलं. मग दुसऱ्या शिफ्टला गेलो आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा काढून वाचलं. शेजारचे उद्धवराव माझ्याच खात्यात आहेत हे तुला ठाऊक आहे. त्यांनी माझा डबा तसाच पडलेला बघितला आणि विचारलं, काय ओव्हाळ, कोणाचं काय झालं? मी म्हटलं, काही नाही, लेक येतीय. तर म्हणाले, मग तोंड असं का केलंय, आनंदाची बातमी ना? आनंदाचीच आहे. पाच वर्षं तू या घरात आली नाहीस आणि आता येते आहेस. पण ज्या चौथ्या दगडासाठी तू येते आहेस, त्याबद्दल तू गाडीत बसण्याआधी मला काही सांगायचं आहे, आणि चार दिवस झाले, मी नुसता कोरा कागद समोर घेऊन बसतोय.

कंपनीत मला असं कधी होत नाही. एकोणीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली. गिअर हातात घ्यायचा, व्हर्नियर लावायचा, मापात बसत नसला की लाल रंगाचा फराटा ओढून बाजूला टाकायचा. तो कोणाच्या पुतण्यानं बनवलाय, कोणत्या साहेबाचा माणूस आहे, हे मी कधी बघितलं नाही. सुपरवायझर येऊन हात जोडायचे, ओव्हाळराव, पाच शतांशाचा तर फरक आहे, सोडा की. मी सोडलं नाही. त्यावरून माझी किती चेष्टा व्हायची ते तुझ्या आईनं तुला रंगवून सांगितलेलं आहे. पण या वेळी माप माझंच घ्यायचंय, त्यामुळे हात चालत नाही. तर मी अगदी पहिल्यापासून सांगतो. लहानपणी गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायची खोड होती तुला. कृपा करून आज तसं करू नकोस.

या सगळ्याची सुरुवात तुझ्या आईच्या, केसरबाईच्या, मसाल्यापासून झाली, हे तू तुझ्या सरांना सांगितलंस की नाही कुणास ठाऊक. तिचा काळा मसाला आमच्या हौसिंग बोर्डाच्या खोल्यांत प्रसिद्ध होता. उन्हाळ्यात ती सुपात दगडफूल निवडायला बसायची. तू नववीत असशील, त्यातलं एक उचलून विचारलंस, आई, हे पान आहे, साल आहे की मूळ? ती म्हणाली, दगडफूल आहे, दगडावर येतं, निवड गपचूप. तुझं काही समाधान झालं नाही. पुढं कॉलेजात गेल्यावर तूच येऊन आम्हाला सांगितलंस की ते फूलही नाही आणि झाडही नाही. एक बुरशी आणि एक शेवाळ असा दोघांचा संसार आहे. बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हावर रांधतं, आणि दोघं मिळून एका जागेवर शंभर वर्षंसुद्धा काढतात. तुझी आई भाकरी थापता थापता म्हणाली, म्हणजे तिथंही एकानं रांधायचं आणि दुसऱ्यानं घर माझं म्हणून बसून राहायचं. मी तेव्हा नेमका खाटेवर पेपर वाचत बसलो होतो. तुम्ही दोघी केवढ्यांदा हसलात.

मग तुझ्या एम.एस्सी.च्या वेळी आपण वाघजाईच्या डोंगरावर जायला लागलो. एकट्या मुलीनं डोंगरात जाऊ नये म्हणून मी सोबत, आणि माझी सुट्टी गुरुवारी म्हणून तू गुरुवारी कॉलेज बुडवायचीस. भोसरीहून चाकणची एसटी, चाकणहून महाळुंग्याच्या वाटेला लागायचं, ओढा ओलांडला की चढ सुरू. माझा जन्म त्याच डोंगराखालचा. गुरं राखताना त्या दगडांवर मी शेकडो वेळा बसलो असेन, पण त्यांच्याकडं बघितलं कधी नव्हतं. तू मला भिंग डोळ्याला लावून पालथं झोपायला लावलंस. कड्याखालच्या चौथ्या दगडावर, उत्तरेच्या अंगाला, पेढ्याएवढं ते बसलेलं होतं. हळदीत राख कालवावी तसा रंग आणि कडेला बारीक निळसर किनार. तू बराच वेळ भिंगातून त्याच्याकडं बघत राहिलीस. मग म्हणालीस, आबा, हे इथं असायला नको. हे थंड, उंच डोंगरांवरचं आहे, इतक्या खाली आणि इतक्या उन्हात हे राहिलं कसं? त्यानंतर दोन वर्षं आपण सबंध डोंगर पालथा घातला, दुसरं सापडलं नाही. तू माझ्या खांद्याला धरून चढायचीस आणि उतरताना मी तुझ्या. ते गुरुवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही.

ते एवढंसं वाचवायचं कसं, हा तेव्हा तुझा मोठा घोर होता. पायथ्याच्या वाडीतली भिमाबाई आणि तिच्या जावा डोंगरावरचं दगडफूल खरवडून चाकणच्या बाजारात मसालेवाल्याला घालायच्या. तू तिला विनवलंस की बाकी सगळं घे, हे एवढं सोड. ती म्हणाली, ‘मी सोडीन गं बाई, पर बाकीच्यांचं काय? त्यास्नी काय ठावं, हे तुजं हाय म्हून?’ आणि पुढच्या गुरुवारी आपण गेलो तर दगडाच्या माथ्यावर शेंदूर फासलेला, पुढ्यात नारळाची करवंटी. भिमाबाई कमरेवर हात ठेवून उभी. ‘आता बगू कोन हात लावतंय. द्याव हाय म्हटल्यावर कोन खरवडील?’ मी दीक्षा घेतल्यावर घरातले देव नदीत सोडून आलेला माणूस, आणि माझ्याच लेकीच्या संशोधनासाठी डोंगरावर नवा देव बसला. एसटीत आपण दोघं घर येईपर्यंत हसत होतो. पण उपाय लागू पडला. गुराख्यांनी, लाकडं तोडणाऱ्यांनी, खडी फोडायला दगड बघत फिरणाऱ्यांनीसुद्धा त्या दगडाला वळसा घातला.

पुढं तू संशोधनासाठी लखनौला गेलीस, तिथंच लग्न केलंस, आणि शहात्तर साली तुझी आई गेली. त्याबद्दल आपण दोघांनी कधी एक अक्षर लिहिलं नाही. आज लिहितो. तार केली तेव्हा तू कुमाऊंच्या डोंगरात सर्व्हेला होतीस आणि ती तुझ्यापर्यंत पोचायला चार दिवस लागले, यात तुझा काडीचा दोष नव्हता. सहाव्या दिवशी तू दारात उभी राहिलीस. खांद्याला नमुन्यांची पिशवी तशीच, नाकाची साल थंडीनं निघालेली. आणि मी सगळ्या बायामाणसांसमोर म्हणालो, आता कशाला आलीस? तिकडचे दगड संपले का? तू पिशवी दाराशी उतरवलीस. दोन दिवस राहिलीस, भांडी घासलीस, आईची लुगडी घड्या करून पेटीत ठेवलीस आणि गेलीस. मी स्टेशनवर पोचवायला आलो नाही. ते बोलणं मी मागं घ्यायला हवं होतं, त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी, निदान फाटकापाशी. मला लाज वाटत होती आणि ती मी रागासारखी तोंडावर घेऊन बसलो. सुमन, मी चुकलो. पाच वर्षं उशिरा लिहितोय.

एक वर्ष काहीच आलं नाही. दुपारी पोस्टमन आमच्या जिन्यावरून खाली जायचा आणि मी खिडकीतून त्याची टोपी बघायचो. सत्त्याहत्तरच्या एप्रिलमध्ये तुझं जाड पाकीट आलं. आत पत्र नव्हतं, हातानं आखलेला तक्ता होता. सहा दगडांचे सहा कप्पे आणि प्रत्येकात रकाने: तारीख, लांबी, रुंदी, रंग, शेरा. खाली चार ओळी, की आबा, कंपन्यांचा धूर किती लांबवर जातो ते दगडफुलावरून कळतं, दर तीन महिन्यांनी ही मापं घेऊन पाठवाल का? मी तो तक्ता आईच्या फोटोशेजारी भिंतीला टाचला. तुला माझ्याशी बोलायचं होतं आणि काय बोलावं ते कळत नव्हतं, एवढं न कळण्याइतका मी मठ्ठ नाही. तू मला जमेल असं काम शोधून काढलंस. माप घेणं सोडून मला दुसरं येतं तरी काय?

तू तीन महिन्यांनी सांगितलं होतंस. मी दर महिन्याला जायला लागलो, मग दर पंधरा दिवसांनी. वर्षाला पाऊण मिलीमीटर वाढणाऱ्या वस्तूला पंधरा दिवसांनी भेटायला जाणारा माणूस काही शहाणा नव्हे, हे उद्धवरावांनी मला तोंडावर सांगितलं. पण घरात तरी काय होतं? सकाळी केलेली भाजी संध्याकाळीही तीच, रेडिओवर बातम्या, आणि पलीकडच्या खोलीतून कोणाच्या तरी हसण्याचे आवाज. विहारात रविवारी जाऊन बसायचो, तिथंही लोक आपापल्या पोराबाळांचं बोलायचे. डोंगरावर निदान कोणी काही विचारत नसे. तुझं म्हणणं मला डोळ्यांनी दिसत होतं. चिंचवड स्टेशनच्या रस्त्यावरच्या आंब्यांवर तुझ्या लहानपणी दगडफुलाचे पापुद्रे असायचे, आता ती खोडं धुतल्यासारखी उघडी पडली आहेत. दुसऱ्या आणि पाचव्या दगडावरचं साधं दगडफूलही आक्रसायला लागलं. चौथा मात्र दर वेळी किंचित पुढं सरकलेला असायचा. माप पाठवलं की तुझं चार ओळींचं उत्तर यायचं, आकडे मिळाले, तिसऱ्याचा रंग पुन्हा बघा, आणि शेवटी एकच वाक्य, तब्येतीला जपा. त्या एका वाक्यावर मी पुढचे तीन महिने काढायचो.

आता मुद्द्यावर येतो. एकोणऐंशीच्या ऑगस्टमध्ये, पाऊस जरा उघडला त्या गुरुवारी, चौथ्या दगडाचं माप चव्वेचाळीस पूर्णांक सहा आलं. हे माप खरं आहे. आणि त्याच वेळी मला त्याच्यावर काळे ठिपके दिसले. मोहरीपेक्षा बारीक, एका अंगाला जास्त, भिंगातून बघितलं तर प्रत्येक ठिपका जरासा खोल बसलेला. तू झाडापानांचं शिकलीस, मी लोखंडाचं. लोखंडावर असा ठिपका दिसला की तो गंज असतो. आज एका कोपऱ्यात दिसतो आणि चार दिवसांत सगळ्या मालावर पसरतो. तिथं थांबायचं नाही आणि कोणाला विचारायचं नाही. जागच्या जागी एमरी पेपरनं घासायचं, रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचं आणि कोरडं करून ठेवायचं. खात्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या कामगाराला मी पहिल्या दिवशी हेच शिकवत आलोय.

तुला आधी विचारायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पत्र जायला पाच दिवस आणि यायला पाच दिवस. आणि खरं सांगायचं तर मला दुसरीच भीती वाटली. तू लिहिशील की आबा, ते मरतंय, आता मापं घेण्यात अर्थ नाही, इतके दिवस मदत केलीत, आभारी आहे. मग तक्ता बंद, पत्र बंद. म्हणून पुढच्या गुरुवारी मी पिशवीत एमरीचा तुकडा, रॉकेलची बाटली आणि जुन्या धोतराची चिंधी घेऊन डोंगर चढलो. ठिपक्यांचा भाग चाकूच्या टोकानं उचलून रिकाम्या काड्यापेटीत ठेवला. उरलेल्याची कड हलक्या हातानं घासली आणि सगळ्यावरून बोळा फिरवला. काम इतकं स्वच्छ झालं की मी खूश होऊन तिथंच बसून भाकरी खाल्ली. सगळ्या गावाला तो शेंदूर आडवा आला. मला आला नाही, कारण तो कोणी आणि का लावलाय ते मला माहीत होतं.

मधे ओढ्याला पाणी आणि मग कंपनीत ओव्हरटाइम, त्यामुळे वर जाणं झालं नाही; नोव्हेंबरमध्ये माप घ्यायला गेलो तर ते पांढरं पडलेलं. बोट लावलं आणि पापुद्रा सुटून वाऱ्यावर गेला. दगडावर नुसता फिकट गोल राहिला. मी तिथं किती वेळ बसलो ते आठवत नाही, उतरताना शेवटची एसटी चुकली एवढं आठवतं. पण त्याआधी मी त्या फिकट डागाला व्हर्नियर लावला होता. चव्वेचाळीस पूर्णांक सहा. आणि घरी येऊन तक्त्यात लिहिलं, चव्वेचाळीस पूर्णांक आठ, शेरा: प्रकृती उत्तम. पेन्सिलीनं नाही, शाईनं लिहिलं. तीस वर्षांच्या नोकरीत, मुंबईची धरून, मी पहिल्यांदा खोटं माप लिहिलं आणि ते माझ्या लेकीला पाठवलं.

ठरवलं होतं की हे एवढं एकदाच, पुढच्या पत्रात सांगून टाकू. पण त्यावर तुझं जे उत्तर आलं ते चार ओळींचं नव्हतं, चांगलं दोन पानी होतं. मुलगी झाली, नाव उत्पला ठेवलं, कपाळ थेट आजीचं आहे. आणि खाली लिहिलं होतंस, ‘चौथ्याचं वाचून फार बरं वाटलं आबा, घरी सगळं ठीक आहे असं वाटलं.’ ते वाचल्यावर मी कोणत्या तोंडानं लिहायचं होतं, तूच सांग. फेब्रुवारीत चव्वेचाळीस नऊ लिहिलं, मेमध्ये पंचेचाळीस. घाई केली नाही. पावसाळ्यात वाढ थोडी जास्त, उन्हाळ्यात कमी, कोणाला संशय येणार नाही अशी. खोटं मापसुद्धा मी माझ्या परीनं चोख काढलं. इकडं चौथा दगड कागदावर वाढत होता आणि तिकडं तुझी पत्रं लांबत होती. उत्पलाला दात आले, ती भिंतीला धरून उभी राहिली, तिला मराठीत बोललेलं कळतं पण उत्तर हिंदीत देते. ही प्रत्येक बातमी मी त्या खोट्या आकड्यांच्या जोरावर मिळवली आहे.

त्या फेब्रुवारीतच मी तुला ती काड्यापेटी पाठवली. का पाठवली ते नीट सांगता येत नाही. टाकून देववत नव्हती आणि फडताळात दिसली की जेवण जात नव्हतं. आपोआप गळालेला तुकडा आहे असं लिहिलं, तू ती कुठंतरी ठेवून दिलीस, आणि या जुलैत सूक्ष्मदर्शकाखाली धरलीस. तुझं सप्टेंबरचं पत्र मला पाठ झालंय. ते ठिपके म्हणजे आजार नाही, ती निराळीच एक बुरशी आहे, याच दगडफुलाच्या अंगावर राहणारी. त्याच्या आधारानं राहते पण त्याचं काही बिघडवत नाही. तुझ्या सरांनी आजवर कुठल्या यादीत अशी बघितली नाही, जिवंत बघायला हवी, मग त्या जागेला जंगल खात्याकडून संरक्षण मागता येईल. आणि शेवटी, आबा, चौथ्या दगडावर ठिपके अजून आहेत ना? म्हणजे त्या एका पेढ्याएवढ्या जागेत दोघं नव्हे, तिघं नांदत होते, आणि मी एका बोळ्यात तिघांनाही पुसून टाकलं. हे कळल्यावर तरी मी शहाणा व्हायला हवा होतो की नाही? मी त्याच संध्याकाळी कार्ड टाकलं: ठिपके आहेत, कधी येतेस? रॉकेलचा बोळा मी अजाणता फिरवला. ते कार्ड जाणूनबुजून लिहिलं, कारण कधी येतेस हे विचारायला पाच वर्षांत दुसरं निमित्त मिळालं नव्हतं.

तेव्हापासून पाच गुरुवार मी आणि भिमाबाई डोंगर धुंडाळतोय. तिचे गुडघे आता चालत नाहीत, पण त्या डोंगरावरचा एकेक दगड तिला ठाऊक आहे. उत्तरेचे सगळे कडे बघितले, घळीत उतरलो, पलीकडच्या सोंडेवरही गेलो. हळदीच्या रंगाचं एक दिसलं तेव्हा मी भिमाबाईला हाक मारली, तर ते साधंच निघालं, मसाल्यातलं. चौथ्या दगडाला भिमाबाई अजून शेंदूर लावते. फूल गळालं तरी देव जागेवर आहे, असं तिचं म्हणणं. मागच्या गुरुवारी दम खायला बसलो तेव्हा तिनं विचारलं, ‘दादा, लेक येनार म्हंता, आन् तिला दावनार काय?’ मी म्हटलं, बघू. तर म्हणाली, ‘बगू काय? सांगून टाका की. तुमी कंपनीतली मानसं येका गोष्टीला लई येळ लावता.’ तिला मी सगळं सांगितलेलं नाही, पण तिला कळलं असावं.

आणि तरी मी आज सकाळपर्यंत हे पत्र न टाकण्याच्याच विचारात होतो. तू येणार म्हणून गॅलरीच्या गजांमधलं अंतर मोजलं. एकशे बारा मिलीमीटर भरलं, दोन वर्षांच्या मुलाचं डोकं अडकेल इतकं. खालपासून तारेची जाळी मारून घेतली. मोरीचा कठडा उंच केला. उद्धवरावांच्या घरून लहान गादी आणून उन्हात टाकली. मनात हिशेब असा, की तुम्ही याल, दोन दिवस तरी घरात राहाल, उत्पला या खोलीतून त्या खोलीत पळेल. डोंगरावर जाऊ तेव्हा मी कपाळाला हात लावून म्हणेन, अरे, मागच्या महिन्यापर्यंत होतं, कोणीतरी खरवडून नेलं. भिमाबाईच्या जावांवर ढकलता आलं असतं, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवला असतास. इतका नीच विचार माझ्या डोक्यात चार दिवस मुक्कामाला होता. मग डोळ्यापुढं आलं की तुझे सर नुसत्या तुझ्या शब्दावर दीड दिवसाचा प्रवास करून आलेत, तू त्यांच्या देखत त्या रिकाम्या दगडापुढं पालथी झोपून भिंग लावते आहेस, आणि मी मागं पाण्याची बाटली धरून उभा आहे. ते मला जमणार नाही. शिवाय या मापांवरचा तुझा लेख छापायला जायचाय, त्यात चाकणच्या अंगाची हवा अजून चांगली असल्याचा सगळ्यात मोठा पुरावा चौथा दगड आहे. उद्या त्या कागदावर बोट ठेवून कोणी तिकडं कारखान्यांच्या हव्या तेवढ्या चिमण्या उभ्या करील.

म्हणून सगळं लिहून टाकलं. चौथ्या दगडावर काही नाही, सुमन. ऑगस्ट एकोणऐंशीनंतरच्या त्याच्या आठही नोंदी खोट्या आहेत, त्यांच्यावर लाल रेघ ओढ. बाकीच्या पाच दगडांची सगळी मापं खरी आहेत, मूळ वही सोबत रजिस्टरनं पाठवतोय, ती सरांना दाखव आणि ही चूक माझी आहे, तुझी नव्हे, हे माझं नाव घेऊन सांग. काड्यापेटीतला तुकडा जिवापाड जप, त्या जातीचं आपल्याकडं तेवढंच उरलं असेल. आता कपडे करून मोठ्या पोस्टात जातोय, म्हणजे हे तुला गाडीच्या आधी आठ-दहा दिवस मिळेल आणि तिकिटं रद्द करायला वेळ राहील. सरांचं तेवढं नक्की रद्द कर. तुझं आणि उत्पलाचं काय करायचं ते तू ठरव. ये असं म्हणायला मी तोंड ठेवलेलं नाही. उत्तर आलं नाही तरी सात तारखेची रजा मी टाकली आहे, ती मागं घेणार नाही. गाडी येईल तेव्हा फलाटावर असेन, आणि शेवटचं माणूस उतरून जाईपर्यंत थांबेन.

तुझाच,
आबा